रोमानियाच्या तुरुंगाविषयी फ्रीमाँट येथे झालेले व्याख्यान

अन्याय दूरच्या देशात घडलेला असला, की माणसाला त्याचा अगदी मनापासून संताप येऊ शकतो. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळाने एप्रिल २००८च्या व्याख्यानासाठी 'कम्युनिस्ट राजवटीतला छळ' हा विषय एकमताने निवडला. (समोसे की बटाटेवडे, यावर मात्र मतदान घ्यावं लागलं.)

वक्ते उत्तराताईंनी सुचवले. त्यांचे शेजारी डोरू, वय एकाहत्तर, निवृत्त घड्याळजी. रोमानियात साडेतीन वर्षं तुरुंगात काढलेले. आमचे अध्यक्ष प्रतापकाका खूश झाले.

"गुन्हा काय होता?" त्यांनी विचारलं.

"ते पेत्रू नावाच्या शिक्षकाबरोबर राहायचे. जोडीदार म्हणून," उत्तराताई म्हणाल्या. "दोघं पुरुष रविवारी एकत्र भाजी चिरतात, असं शेजारणीने पोलिसांना लिहून कळवलं. दोघांनाही उचललं. पेत्रू तुरुंगातच वारले."

समितीने विषयपत्रिका पुन्हा चाळली. मग काकांनी तोडगा काढला. "तुरुंगाचं सगळं सांगू दे. मार, थंडी, उपासमार. कारण तेवढं नको. हॉलमध्ये फॅमिलीज असतात." (मार फॅमिलीजना चालतो.) ठराव मंजूर झाला. उत्तराताई विरोधात, केदार तटस्थ.

केदार आमचा साउंड सांभाळायचा. सॉफ्टवेअरमध्ये, मूळचा नागपूरचा, वय चौतीस. सहा वर्षं श्रीरंग नावाच्या रूममेटबरोबर टाउनहाउसमध्ये राहत होता. दोघांना स्थळं सुचवणाऱ्या काकू मंडळात अकरा होत्या.

डोरू चाळीस मिनिटं बोलले. हिवाळ्यात उघड्या अंगणात उभं करायचे, इतर कैद्यांना त्यांच्याशी बोलायला बंदी होती, हे ऐकून पुष्कळांचे डोळे पाणावले. शेवटी श्रोत्यांमधल्या हिमानीने विचारलं, "पण तुम्ही केलं काय होतं?"

"ते सांगू नये, अशी मंडळाची विनंती आहे," डोरू म्हणाले. "तुरुंगातून सोडतानाही मला हेच सांगितलं होतं. तुम्ही निदान चहा दिलात."

लोकांना हा विनोद वाटला. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर केदारने माइक हातात घेतला.

"मी सांगतो. त्यांचं एका पुरुषावर प्रेम होतं. माझंही आहे. श्रीरंग, उभा राहा ना यार."

 श्रीरंग उभा राहिला. डोरू मंच उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

अमेरिका लोकशाही देश असल्यामुळे पुढे कोणालाही अटक झाली नाही. ईमेल यादीतून दोन नावं तांत्रिक कारणाने गळाली. श्रीरंगच्या आईला पुण्यात, निव्वळ काळजीपोटी, तीन निनावी फोन गेले. साउंडला दुसरा माणूस मिळाला (आवाज फाटतो). जूनमध्ये कॅलिफोर्नियात परवानगी मिळाली, तेव्हा दोघांनी लग्न केलं. साक्षीला डोरू आणि उत्तराताई होते. श्रीरंगची आई आली नाही. साखरपुड्याला द्यायची म्हणून जपलेली अंगठी तिने कुरियरने पाठवली. मंडळातर्फे कोणी गेलं नाही; कोण कोण गेलं होतं, याची माहिती मात्र मंडळाकडे आहे.

आणि वाचकहो, हे वाचताना तुमच्याही ओळखीतले कोणी दोघं मनात आलेच असतील. कुठे राहतात, किती वर्षं, घरी काय सांगतात, सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. आपल्याकडे पोलिसांची गरज पडत नाही, ती त्यामुळेच.