वेंकोबाअण्णांचा रूळ

कुणी कुदळ हातात घेतली की आमचे शेजारी वेंकोबाअण्णा कुंपणापाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "किती खोल?"

माझ्या बायकोला अंगणात कढीपत्ता लावायचा होता. ती म्हणाली, "असेल वीतभर." अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी घरून खुरपं आणलं, माती ओंजळीनं उचलून पाटावर मांडली आणि रोप लावल्यावर वरची माती वर, खालची खाली, अशी परत भरली. तेवढ्या वेळात रोपानं मान टाकली होती.

आम्ही एकाच सरकारी कारखान्यात होतो. मी पुण्याहून आलेला ड्राफ्ट्समन, ते फोरमन. त्यांचं मराठी घराणं बंगळुरात इतकं जुनं, की 'मी केलं' न म्हणता ते 'मी केलो' म्हणत आणि दर दोन वाक्यांनी 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून मान हलवत.

बनशंकरीच्या देवळापलीकडे त्यांचं लहानसं शेत होतं. त्या शेतात नांगर जात नसे. आजूबाजूचे लोक पावसाळ्याच्या तोंडाशी ताग पेरत, फुलावर आला की खत म्हणून नांगरून मातीत गाडत आणि मग रागी, म्हणजे नाचणी, लावत. अण्णाही ताग पेरत, पण तो गाडायचा कसा? कापला तर पुन्हा फुटायचा. दगडी रूळ फिरवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा ताग उभा!

"मोडायचा, साठेराव. कापायचा नाही, उपटायचाही नाही," ते मला म्हणाले. "देठाचं कंबरडं मोडलं की जागीच वाळतो. वर अंथरूण, खाली माती तशीच. मी विचार केलो सगळा."

यशवंतपूरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी एक लोखंडी पिंप आणलं. त्यावर आडव्या बोथट पट्ट्या जोडून घेतल्या, आत पाणी भरलं, पुढं भाड्याचे बैल जुंपले. एका रविवारी आम्ही सगळे बघायला गेलो. रूळ हलला आणि प्रत्येक पट्टी जमिनीवर आपटायला लागली. धाड, धाड, धाड! मागं फळीवर बसलेले अण्णा दर दणक्याला वर उडत होते. "स्वल्प निधान! स्वल्प निधान!" ते ओरडत होते. हळू चला हे सांगणं बैलांच्या कानावर गेलं नाही. ते रुळासकट, अण्णांसकट तळ्याकडे निघाले आणि पाण्यात उतरूनच थांबले.

अण्णा चिखलातून बाहेर आले. "ताग मोडला की नाही?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, म्हणाल्या, "ताग मोडला. तुमचं काय मोडलं ते बघा आधी."

सोमवारी ते लंगडत माझ्या टेबलापाशी आले. सरळ पट्टी एकदम आपटते. तीच तिरकी, वळणदार बसवली तर तिचा कुठला तरी भाग सतत जमिनीला टेकलेला राहील, असं आमचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत मी नकाशा काढून दिला. नव्या पट्ट्या जोडून झाल्या, पण बैलवाला बैल द्यायला तयार होईना. शेवटी अण्णांनी त्यालाच फळीवर बसवलं आणि ते स्वतः बैलांपुढं चालले.

या वेळी रूळ गुमान फिरला. डोक्याएवढा उंच ताग एका दिशेनं झोपत गेला आणि प्रत्येक देठावर ठिकठिकाणी चेपल्याच्या खुणा उमटल्या. आठवड्यानं बघतो, तर सगळा पिवळा होऊन पडलेला. त्यात काठीनं भोकं पाडून आम्ही रागीची रोपं लावली. "बोटभर भोक चालतं," अण्णा बजावत होते. "त्याखाली नको."

तेवढ्यात अक्का जेवणाचा डबा घेऊन आल्या. बांधावर त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणीच आत आल्या. वाळके देठ चांगले टोकदार होते.

"अक्का, पायाला टोचेल!" मी म्हणालो.

त्या हसल्या आणि पुढं गेल्या. अण्णा मात्र खाली बसले.

"आमची पोरगी आहे हितं," ते म्हणाले. "बारसं व्हायचं होतं अजून. इतक्या लहानाला जाळत नाहीत. मी आणि माझे बाबा घेऊन आलो."

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"ताग उभा होता तेव्हा, मोडण्याआधी हा होता तसाच उंच. आत शिरलो, कुठं ते बघितलो नाही. खूण ठेवायचं सुचलं नाही. ताग निघाल्यावर सगळं रान सारखं दिसायला लागलं." त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. "बाबाही गेले. आता सांगा, साठेराव, कुठं घालू नांगर?"

पलीकडे अक्का डबा उघडून आमची वाट बघत होत्या. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

अण्णांनी माझा हात धरला. "नको, नको. तुम्हाला सवय नाही. चला, अक्का थांबलीय."