रंगवलेल्या सायलेन्सरची मिरवणूक

"गाडीला काय लागतं गं? एक पाना, एक ब्रश आणि डोकं!" उद्धवनं बाह्या वर सारत जाहीर केलं.

"यातला ब्रश तेवढा आपल्या घरात आहे," तांदूळ निवडता निवडता हेमा म्हणाली.

उद्धव परभणीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांवरची धूळ झटकणं हा त्याचा आजवरचा सगळ्यात अवजड उद्योग! पण सध्या त्याच्या अंगणात सासऱ्यांची जुनी जीप उभी होती. बोरीच्या किशनरावांनी पोरगी एका बैठकीत देऊन टाकली होती; ही जीप मात्र घरसामान हलवायला द्यायची म्हटल्यावर आठवडाभर विचार केला होता! रविवारी मानवतला हेमाच्या चुलतबहिणीचा, अपेक्षाचा साखरपुडा होता. किशनराव सकाळी एसटीनं येणार आणि मग सगळे जीपनं जाणार. त्याआधी जीपचं गंजून गेलेलं पोट चकाचक करायचं आणि सासऱ्यांना गार करून टाकायचं, असा उद्धवचा बेत होता.

मेहनतीत त्यानं कसूर केली नाही, हे मान्य करायलाच हवं. मोबाइलवर व्हिडिओ बघितला, शेजाऱ्याचा जॅक आणला, भरवसा नको म्हणून खाली लाकडी ठोकळे लावले आणि गोणपाट अंथरून तो जीपखाली सरकला. तारेच्या ब्रशनं खरवडायला लागला तसा गंजाचा भुगा पीठ चाळल्यागत तोंडावर पडायला लागला. स्प्रिंगचे पाटे घासले, चासीचा सांगाडा घासला, ग्रीस थिनरच्या फडक्यानं पुसलं, पॉलिश पेपर मारला आणि मग पुन्हा गंज धरू नये म्हणून तांबडा रेड ऑक्साइड लावला. चहासाठी बाहेर आला तेव्हा हेमा किंचाळलीच! तोंड, मान, मिशा, सगळं तांबडंलाल!

"अहो, शेंदूर फासलेला देव उठून आल्यागत दिसायलात!"

"मग पाया पड आणि चहा दे!"

ऑक्साइड वाळल्यावर त्यावर काळा ऑइलपेंट चढला. जीपचं पोट काळंभोर झालं, तरी डब्यात रंग उरलाच! उद्धवचे हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात त्याची नजर सायलेन्सरच्या नळीवर गेली.

"ते पण रंगवायचं?" हेमानं वाकून विचारलं.

"तेच तर सगळ्यात जास्त गंजलंय!" म्हणत त्यानं इंजिनापासून शेपटापर्यंत दोन जाड हात मारले.

रविवारी किशनराव आले. कडक धोतर, फेटा, कपाळावर आठी. जीपखाली वाकले, चासीवरून बोट फिरवलं, बोट निरखून बघितलं आणि म्हणाले, "हं."

त्या एका 'हं'नं उद्धवची छाती फुगली. त्यानं ऐटीत जीप सुरू केली. सासरे शेजारी, हेमा मागं.

मोठ्या रस्त्याला लागतात न लागतात तोच पायाखालून धूर यायला लागला. आधी उदबत्तीएवढा, मग चुलीएवढा आणि बघता बघता वीटभट्टीएवढा! मागचा रिक्षावाला दिसेनासा झाला, नुसता त्याचा भोंगा ऐकू यायला लागला.

"जावईबापू! गाडी पेटली काय ओ?" किशनराव ओरडले.

उद्धवच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या व्हिडिओत शेवटी 'तापणारे भाग सोडून द्या' असं कायतरी होतं. नेमकी तेव्हाच त्यानं चहा मागवायला मान वळवली होती!

"पेटली नाही मामा! रंग तापलाय!"

"रंग तापलाय? आता मी तापायलोय! आधी गाडी बाजूला घ्या!"

उद्धवनं घाईघाईनं जीप डावीकडच्या गल्लीत घातली आणि ब्रेक दाबला. तोच एक बाई झाडू घेऊन आडवी आली.

"थांबू नका सायब! चालू ठेवा!" बाई ओरडली. "सकाळी पल्याडच्या गल्लीत फवारणी झाली अन् तिकडले समदे डास आमच्याकडं राह्यला आले! ओ कमलबाई, धूरगाडी आली!"

पटापट दारं उघडली. पोरं धुरात उड्या मारायला लागली. एका म्हातारबुवांनी तर खाट उचलून धुरात धरली, ढेकणं बी मरू द्या म्हणून!

"अहो बाई, हा धूर रंगाचा आहे..." उद्धव काकुळतीला आला.

"रंगाचा का असंना! वास लय जालीम हाय!"

आता सासरे फुटणार म्हणून उद्धवनं डोळे मिटून घेतले. पण किशनरावांचं भलतंच चाललं होतं. सरपंचपद गेल्यापासून त्यांना 'साहेब' म्हणून कुणी हात जोडले नव्हते. इथं अख्खी गल्ली हात जोडून उभी! त्यांनी फेटा सारखा केला.

"हंड्यावर झाकणं टाका! लेकरं मागं घ्या! जावईबापू, दमानं चालवा, कोपरे राह्यलेत!"

"बाबा, साखरपुडा!" पदरात तोंड खुपसून हेमा मागून खोकली.

"अगं, लोकायचं काम हाय!"

गल्लीचे दोन फेरे झाले, रंग जळून गेला आणि धूर आटला. औषध संपलं म्हणून लोक हळहळले. झाडूवाल्या बाईनं फोन नंबर मागितला. किशनरावांनी मोठ्या मनानं उद्धवचा दिला!

मानवतला पोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. तिघांच्याही अंगाला असा वास येत होता, की पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामीच राहिली. उद्धवनं पहिला घास उचलला आणि फोन वाजला.

"सायब, डास एक बी मेला न्हाई! आमीच समदे खोकायलोय!"

उद्धवनं घास परत पानात ठेवला. किशनरावांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि घसा खाकरून म्हणाले, "साहेब जेवायलेत. मागून बोला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी आपल्याला साहेब म्हटलेलं उद्धवनं पहिल्यांदाच ऐकलं. आता सायलेन्सरची चूक कबूल करण्यात अर्थ नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि साहेबासारखी जिलेबी मागितली.