सुकलालभाऊंचं खोटं फावडं

सुकलालभाऊ फावड्याला कान लावतात. अगदी खरं सांगतोय! दुकानात नवं फावडं उचलायचं, खिशातल्या खड्याने टक् करून वाजवायचं आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. आपण काही विचारायला गेलो की हात वर. "थांबा भाऊ, तेले बोलू द्या!"

एसटीडी बूथवर रांगा लागायच्या त्या दिवसांत हे उधन्याला आमचे शेजारी होते. मूळचे खानदेशातले, जवळच्या सचिन गावातल्या एका लूमच्या कारखान्यात फिटर. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकटेच राहायचे. घरात माती म्हणाल तर चपलेला लागून येईल तेवढी. तरी गल्लीत कुणालाही कुदळ-फावडं घ्यायचं असलं की हा गृहस्थ सगळ्यात पुढे!

मला परसात चार भेंड्या लावायच्या होत्या. चूक एवढीच झाली, की त्यांच्यासमोर बोललो. माझे तीन रविवार गेले हो त्यापायी! पहिल्या दुकानात त्यांनी नखाने फावड्याचा हिरवा रंग खरवडला. "रंग जाड म्हंजे खाली कायतरी दडवलंय." दुसऱ्या दुकानात नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, वेल्डिंगचं निघालं. "जोड नको. पयल्याच दगडाला तुटंल." तिसऱ्यात फावड्याशेजारच्या खणायच्या दाताळ्याचाही एकेक दाता उंबऱ्यात अडकवून वाकवला आणि तो परत सरळ होतो का ते बघत बसले. दुकानदार गुजरातीत वैतागला, "भाई, पावडो लेवो छे के परणवो छे?"

फावडं घ्यायचंय की त्याच्याशी लग्न लावायचंय! सगळं दुकान हसलं. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "लग्नात मी कुठं तपासलं, काका? तिनंच मले तपासलं."

दांडा त्यांनी माझ्या खांद्याला लावून कापला. "वापरणाऱ्याच्या मापाचा पायजे, नायतर कंबर बोंबलते." ते फावडं अजून माझ्याकडे आहे. मेलं हलतसुद्धा नाही.

मग एके दिवशी भाऊंनी तळमजल्याची शेवटची खोली घेतली. मागे दोन खाटा मावतील एवढी जमीन, त्यात निम्म्या विटा. फावडंही आणलं, तेही मला न सांगता, घाईघाईत. दांडा उभा धरून शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी खूण केली आणि कापून टाकला.

"अहो, आखूड पडेल की तुम्हाला!"

"मले कुठं खणायचंय?" ते पुटपुटले. "इंदू येतेय."

इंदू म्हणजे बायको. नऊ वर्षं गावी भाजीचे वाफे सांभाळत होती. बोलावलं की एकच उत्तर, "जिथं माती नाही तिथं मी काय करू?" आताही चार दिवस बघून जाते म्हणाली होती. ती राहील का, या काळजीत भाऊंनी दाढी करताना तीनदा गाल कापून घेतला.

स्टेशनावरून रिक्षा आली. इंदूताई उतरल्या आणि बोचकं घेऊन, चहासुद्धा न घेता थेट मागे गेल्या. फावडं उचललं. नखाने रंग खरवडला. खडा घेऊन टक्! डोळे मिटले. भाऊ काही बोलणार, तोच इंदूताईंचा हात वर गेला, "थांबा, तेले बोलू द्या!"

अस्सं! म्हणजे ही सगळी विद्या इथून आली होती. मी भाऊंकडे पाहिलं, तर ते जमिनीकडे बघत होते.

"हाई खोटं शे," इंदूताई म्हणाल्या.

भाऊंचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. गल्लीभर फावडी निवडून देणारा माणूस, आणि नेमका घरच्या फावड्यात फसला.

इंदूताईंनी बोचकं सोडलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, वापरून वापरून चकचकीत झालेलं गावचं फावडं बाहेर काढलं. नुसतं पातं, दांडा नाही. चार दिवसांसाठी असलं ओझं कुणी आणत नाही, हे भाऊंच्याही लक्षात आलं असावं. ते पटकन पायरीवर बसले.

इंदूताईंनी नव्या फावड्याचा दांडा ठोकून काढला आणि आपल्या खांद्याला लावून पाहिला. बोटभरसुद्धा इकडे तिकडे नाही!

"माप कोनी दिनं?"

भाऊंनी शर्टाच्या तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं.