सासूबाई सज्ञान आहेत काय?

गाडीतून उतरायचं नाही, एवढंच मी त्या सकाळी ठरवलं होतं. याहून मोठमोठे निर्णय मी आयुष्यात घेतले आणि ते पचवलेही. (ओरालियाशी लग्न केलं, तेव्हा तिची आई आमच्याच घरी राहणार हे मला माहीत होतं.) पण हा एवढासा निर्णय मला असा काही भोवला, की अख्खं सान अमादेओ गाव अजून मला पाहून गालात हसतं.

त्याचं झालं असं, की सासूबाईंचे गुडघे धरले. आमच्या सासूबाई म्हणजे दोन्या (आपल्याकडच्या 'बाईसाहेब') प्राक्सेदिस. वय ब्याऐंशी, आवाज पंचविशीचा. देवळात प्रार्थनेला गुडघे टेकणं त्यांना जमेना, बाकावर बसूनच प्रार्थना करावी लागे. "देवापुढे पाय पसरून बसलेय असं वाटतं मला," असं म्हणून त्या दर रविवारी घरी येऊन डोळे पुसायच्या. डॉक्टरच्या गोळ्या पोटाला सोसत नव्हत्या. पूर्वी त्यांच्याकडे एक बाटली असायची, दारूत मुरवलेल्या गांजाच्या पाल्याची. संत अंतोनियोच्या तसबिरीमागे ठेवलेली. आमच्या न्यू मेक्सिकोतल्या जुन्या घराघरांत ती असायचीच. आज्या ती सांध्यांना चोळायच्या आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. पण ती बाटली करून देणारी कोमाद्रे, म्हणजे त्यांची जुनी जिवलग मैत्रीण, देवाघरी गेली आणि बाटली रिकामी झाली.

"एलिसेओ," ओरालिया मला म्हणाली, "आता ते सगळं कायदेशीर झालंय ना? मोठ्या रस्त्यावरच्या त्या दुकानात मलम मिळतं म्हणे. आईसाठी घेऊन ये जा."

आता माझी अडचण समजून घ्या. मी नगरपालिकेत परवाना खात्यात कारकून आहे. राज्यानं गांजाची विक्री कायदेशीर केली आणि बारीकसारीक नियम ज्या त्या शहरावर सोपवले. दुकान शाळेपासून किती लांब, पाटी केवढी, काचेतून आतलं दिसावं की नाही, बंद कधी करायचं, दारात कुणी घुटमळायचं की नाही, हे सगळं शेवटी माझ्या टेबलावर आलं. ते नियम मी लिहिले. त्यातलं वयाच्या पुराव्याचं कलम तर माझं लाडकं. 'आत जाणाऱ्या प्रत्येकाने मुदत न संपलेले ओळखपत्र दाखवावे. यास कोणताही अपवाद असणार नाही.' काय वाक्य होतं! मी ते घरी जेवताना मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. ओरालिया त्या वेळी बटाटे पाहत होती आणि सासूबाईंचा डोळा लागला होता.

तर असा मी, त्याच दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडताना कुणी पाहिलं तर? म्हणून म्हटलं, "आईंनाच घेऊन जातो. त्यांचं मलम, त्यांनीच पसंत करून घेतलेलं बरं."

"किती रे विचार करतोस तिचा!" ओरालिया म्हणाली. (लग्नानंतर हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. फार काळ टिकलं नाही.)

दुकानासमोर गाडी लावली, टोपी नाकापर्यंत ओढली आणि बसलो. सासूबाई काठी टेकत, ठेवणीतला निळा झगा सावरत आत गेल्या. आत गेल्या तशाच बाहेर आल्या. हात रिकामे आणि चेहरा लालबुंद. त्यांच्या मागोमाग दारावरची मुलगी, नाकात कडी घातलेली, रडवेली होऊन येत होती.

"काय झालं, आई?"

"काय व्हायचंय? ही पोर म्हणते, मी सज्ञान असल्याचा पुरावा द्या!"

"आजी, मी तसं नाही म्हटलं हो," ती मुलगी (ब्रियाना तिचं नाव) काकुळतीला येऊन म्हणाली. "तुमच्या कार्डाची मुदत संपलीय, एवढंच म्हटलं. मला नियम मोडता येत नाही. माझी नोकरी जाईल."

"कार्डाची मुदत संपली म्हणून मी काय परत पाळण्यात गेले? त्यावरची जन्मतारीखसुद्धा संपली का?"

मी खिडकीची काच आणखी जराशी खाली करून म्हणालो, "आई, जाऊ द्या ना. मीच घेऊन येतो तुमच्यासाठी."

"खबरदार! आता तू आणलेलं मी लावणार नाही. चोरून होतं तेव्हा मला घरबसल्या मिळत होतं आणि कुणी वय विचारत नव्हतं. आता उजळ माथ्यानं मागायला आले, तर मी पोर ठरले! कुणी लिहिलाय हा नियम?"

ब्रियाना भोळी. तिनं दारावरच्या फलकाकडे बोट दाखवलं. नियमांखाली माझं नाव होतं, सहीसकट.

सासूबाईंनी ते नाव सावकाश वाचलं. मग गाडीत मागच्या बाजूला बसल्या. एरवी त्या पुढे बसतात.

घरी आल्यावर मी सुचवलं, की नवं ओळखपत्र काढून टाकू. त्याला जन्माचा दाखला लागेल, पण मिळेल कुठून तरी.

"माझा जन्म झाला हे मी कुणाकडून लिहून आणणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "जन्माला मी आले. दाखला देणारे तेव्हा नव्हते."

आणि दुसऱ्या दिवशी, मी कचेरीत पोचून कॉफी पीत होतो, तेव्हा आमचे साहेब, सेन्योर त्रुहियो, स्वतः माझ्या टेबलाशी आले. (साहेब स्वतः येतात तेव्हा चांगली बातमी कधीच नसते.)

"मोन्तान्यो, त्या गांजाच्या दुकानासमोर एक म्हातारी घडीची खुर्ची टाकून बसलीय. विणकाम करतेय. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतेय, 'बाळा, तू सज्ञान आहेस का?' लोक परत जातायत. दारात घुटमळायला बंदी आहे ना? तुझंच कलम आहे. जा, उठव तिला."

"साहेब... दुसऱ्या कुणाला पाठवलं तर?"

"का?"

"ती म्हातारी आमच्या घरातली आहे."

"मग तर सोपंच झालं!" साहेब म्हणाले. (साहेबांची सासू टेक्सासात राहते.)

गेलो. पाहतो तर एक खुर्ची नाही, खुर्च्यांची रांगच लागलेली! सासूबाईंच्या जपमंडळातल्या यच्चयावत कोमाद्रे येऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या मांडीवर लोकर, सगळ्यांचे गुडघे गुंडाळलेले. मध्यभागी माझ्याच घरातलं मोठं पातेलं, आणि त्यात हिरव्या मिरचीचा, डुकराच्या मटणाचा रस्सा. वाढत कोण होतं? माझी बायको.

"ओरालिया! तूसुद्धा?"

"आई बसलीय उन्हात. तिला उपाशी ठेवू?"

"आणि माझा डबा?"

"तुझा अपवाद नाही करता येणार," ती म्हणाली आणि दोन्या एस्तेफानाच्या ताटलीत आणखी एक पळी वाढली.

मी घसा खाकरला. सासूबाईंसमोर उभा राहिलो.

"आई..."

"थांब. जावई म्हणून आलास की नगरपालिकेचा माणूस म्हणून?"

"नगरपालिकेचा माणूस म्हणून."

"मग 'आई' कुणाला म्हणतोस?"

"दोन्या प्राक्सेदिस, शहराच्या नियमानुसार आपल्याला इथे बसता येणार नाही. कृपया..."

"तुम्ही नगरपालिकेचेच, हे कशावरून?"

"म्हणजे?"

"ओळखपत्र दाखवा."

मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग छातीवर चाचपलं. ओळखपत्र घरी होतं, कालच्या सदऱ्याला टाचलेलं.

"आई, तुम्ही मला ओळखत नाही का? मी रोज तुमच्यासमोर जेवायला बसतो!"

"ओळखते ना. चांगली ओळखते. पण नियम म्हणजे नियम. यास कोणताही अपवाद..."

"...असणार नाही!" सगळ्या कोमाद्रे एका सुरात म्हणाल्या. जपाची सवय, त्यामुळे सूरही छान लागला होता. दारातून ब्रियानाही हसली, आणि मग तोंडावर हात ठेवून आत पळाली.

मी परत फिरलो. साहेबांना काय सांगितलं ते विचारू नका. संध्याकाळी घरी टिनच्या डब्यातलं विकतचं सूप स्वतःच गरम करून खायला बसलो. सासूबाई समोरच बसल्या होत्या, गुडघ्यांना गरम फडकी लावून. दिवसभर कडक खुर्चीवर बसून दोन्ही गुडघे सुजले होते. फडकं बदलायला उठताना त्यांनी टेबल घट्ट धरलं आणि ओठ आवळले. दुपारी मी हरलो तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं आणि थोडा राग. हे पाहिलं तेव्हा मात्र मी चमचा खाली ठेवला.

"आई, उद्या नका जाऊ."

"जाणार."

"गुडघे तुटतील."

"तुटू देत. माझेच आहेत. त्याला तरी ओळखपत्र लागत नाही."

त्या गेल्याच. रोज गेल्या. शेवटी महापौरबाईंनी हा प्रश्न नगरसभेत घेतला. सभागृह भरून वाहत होतं. कायदा झाला तेव्हा जेवढी माणसं आली नव्हती, तेवढी या एका कलमाचं काय होतं ते पाहायला आली. त्रुहियो साहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला. 'अपवाद केल्यास शिस्त बिघडेल', अशा अर्थाचं काहीतरी होतं. तो मला वाचून दाखवायचा होता.

आधी सासूबाईंना बोलू दिलं. त्या काठीवर भार टाकून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मला नशा नकोय," त्या म्हणाल्या. "मला गुडघे हवेत. मी या गावात चार मुलं वाढवली, नवरा पुरला, आणि इथं बसलेल्या निम्म्या लोकांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलंय. महापौरबाई, तुम्ही माझा झगा ओला केला होता." महापौरबाई कानापर्यंत लाल झाल्या. "मुलांना दुकानाबाहेर ठेवा. जरूर ठेवा. मी स्वतः दारात काठी घेऊन उभी राहते हवं तर. पण मला पाहूनसुद्धा ज्याला मी मोठी झालेली दिसत नाही, त्या नियमाचे डोळे तपासा, माझे नाही."

टाळ्या थांबेचनात. साहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मी उठलो, कागद उघडला.

"अपवाद केल्यास..." मी वाचलं आणि वर पाहिलं. सासूबाई अजून उभ्याच होत्या. टेबल धरलं होतं तशीच त्यांनी काठी धरली होती, ओठ तसेच आवळलेले.

"मोन्तान्यो, वाच," साहेब कुजबुजले.

"नाही वाचत," मी म्हणालो.

ते जरा मोठ्यानं निघालं. समोर ध्वनिक्षेपक होता.

"काय म्हणालास?"

"नाही वाचत, साहेब. तुम्ही वाचा. नाहीतर यांना एकदा उठता-बसताना पाहा आणि मग वाचा." आणि मी तो कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवून, अधिकाऱ्यांच्या टेबलामागून निघून, सगळ्या सभागृहाच्या देखत ताठ मानेनं सासूबाईंच्या रांगेकडे चालत गेलो. आयुष्यात एवढा रुबाब मी कधी केला नव्हता. तिथे पोचल्यावर कळलं, की रांगेत एकही जागा रिकामी नाही. सासूबाई त्यांच्या जागेवर बसल्या, मला त्यांची पर्स धरायला दिली, आणि उरलेली सभा मी ती दोन्ही हातांत धरून भिंतीशी उभ्यानं ऐकली. पण ओरालियानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

नियम बदलला. मुदत संपलेलं ओळखपत्र चालेल. आणि ज्याचं वृद्धत्व बघताक्षणी उघड दिसतं, त्याच्याकडे पुरावा मागायची गरज नाही, दारावरच्या माणसानं डोळ्यांनी ठरवावं. साहेब माझ्याशी अजून फक्त चिठ्ठ्यांतून बोलतात. बोलोत. मला तसंही त्यांचं बोलणं आवडत नव्हतं.

नवा नियम लागू झाला त्या सकाळी मी सासूबाईंना घेऊन दुकानात गेलो. या वेळी टोपीबिपी नाही. गाडी दाराशी लावली, उतरलो, त्यांचा हात धरला आणि उजळ माथ्यानं पायऱ्या चढलो. एवढ्या सगळ्या झुंजीनंतर आपणही त्या दारातून आत जायचंच, असं मी ठरवलं होतं. ओळखपत्र खिशात तयार होतं. माझं वय अठ्ठेचाळीस, ते दाखवायला मला बिलकुल लाज नव्हती.

ब्रियाना रजेवर होती. दारावर नवीन मुलगा होता, नम्र आणि उत्साही. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि माझं ओळखपत्र हातानंच मागे सारत म्हणाला,

"राहू द्या हो, आजोबा! नवा नियम आलाय. तुम्ही दोघंही खुशाल आत जा. किती वर्षं झाली लग्नाला?"

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. गुडघे दुखत असूनही त्या त्याच्याकडे पुऱ्या वळल्या.

"पोरा," त्या म्हणाल्या, "माझं वय दिसतं तेवढं आहे, ते मी मान्य करते. पण माझी निवड इतकी वाईट कधीच नव्हती."