ट्रान्सची उगवणशक्ती

"पहिल्यासारखं बियाणं राह्यलं नाई," असं धीरज गुल्हानेच्या दुकानात कोणी म्हटलं, की त्या माणसाची अर्ध्या तासाची निश्चिंती व्हायची. आर्वीच्या बाजारात बियाण्यांची दुकानं काही कमी नाहीत, पण गिऱ्हाइकाला माल देण्याआधी भाषण देणारा दुकानदार हा एकच. पहिलं सगळं चांगलंच वाटतं, तो सांगायचा, कारण तेव्हा आपले गुडघे चांगले होते. बियाणं आठवणीवर पेरायचं नसतं. सोयाबीनचे शंभर दाणे मोजा, ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळा, आठवड्यानं उघडून बघा. सत्तर उगवले तर पेरा, कमी उगवले तर माझ्याकडे परत आणा. नत्थूजी आणि वासुदेवराव हे दोन शेतकरी दर वर्षी मे महिन्यात हे भाषण ऐकायचे आणि दर वर्षी नव्यानं ऐकल्यासारखी मान हलवायचे, कारण दुकानात कूलर होता.

हाच धीरज दुकान वाढवून जिना चढला की मात्र निराळाच माणूस व्हायचा. वरच्या मोठ्या खोलीत त्याचं एक कपाट होतं, त्यात तीनशे सीडी, बाजूला कमरेएवढे दोन स्पीकर आणि समोर एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही, कारण दुसरं कोणी बसत नसे. अकोल्याला शेतकी शिकत असताना होस्टेलातल्या अंकितचा भाऊ दुबईहून ट्रान्स संगीताच्या सीडी पाठवायचा. तेव्हापासून ह्याला तो नाद. आता ट्रान्स म्हणजे काय, तर आधी बराच वेळ नुसतं धडधड, मग सगळं थांबतं, मग एक सूर हळूहळू वर चढतो आणि ऐकणारा डोळे मिटून घेतो. धीरजचे वडील नानाजी याला बोअरची मोटर म्हणायचे. मोटर चालते, पाणी काही येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि धीरजचं म्हणणं असं की ट्रान्स दोन हजार सहा सालीच मेला. त्यानंतर निघालं ते सगळं भुसा. हे तो मेव्हण्याला सांगायचा, दाताच्या डॉक्टरला सांगायचा, एकदा तर बारशाला आलेल्या भटजींना गाठून सांगितलं होतं. ते बिचारे हो हो करत निघून गेले.

त्याच्या बायकोला, सपनाला, ती खोली हवी होती. तिला शिवणक्लास काढायचा होता. पंधरा बायांनी नावं दिली होती, दोन मशिनी घेऊन झाल्या होत्या आणि त्या मशिनी दोन वर्षांपासून स्वयंपाकघराच्या दारात चादर पांघरून उभ्या होत्या. येता-जाता सगळ्यांच्या करंगळ्या त्यांना ठेचायच्या. धीरज म्हणायचा, ती खोली नाही, ठेवा आहे.

एक दिवस जेवताना गुंजननं, म्हणजे त्यांच्या सोळा वर्षांच्या लेकीनं, फोनवर काहीतरी लावलं. धीरजनं घास हातातच ठेवला आणि सुरू झाला. हा काय ट्रान्स आहे, यात जीव आहे का, आमच्या वेळचा सूर कुठे आणि हे कुठे. सपना शांतपणे वाढत होती.

"मंजे पहिल्यासारखं बियाणं राह्यलं नाई, असंच ना?" ती म्हणाली.

धीरजनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"मंग गुंडाळा पोत्यात," सपना म्हणाली. "दहा गाणे. काही जुने, काही नवे. सात बराबर ओळखले त खोली तुमची, मी जन्मात नाव काढणार नाई. सात नाई झाले त माह्या मशिनी वर."

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नानाजी पलीकडे ताक पीत होते आणि त्यांनी लगेच "बराबर हाय" म्हणून टाकलं. मग धीरजनं अटी घातल्या. पाच जुनी, पाच नवी, एकही कमी-जास्त नाही. प्रत्येक गाणं मधूनच दोन मिनिटं लावायचं. गाणी गुंजननं निवडायची आणि उत्तरं लिहून पाकीट नानाजींकडे द्यायचं. अटी घालताना त्याचा आवाज असा होता की जणू खोली सपनाच हरणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. धीरजनं सहज म्हणून फोनवर, पडदा न बघता, स्वतःची परीक्षा घेतली. दहात चार आली. फोनचा आवाज बारीक म्हणून पुन्हा घेतली. तीन आली.

आता ह्या माणसाची फार दया यावी अशी वेळ होती, पण त्यानं पुढे जे केलं त्यानं ती संधीही घालवली. त्यानं गुंजनला गोदामात बोलावलं आणि खताच्या पोत्यांआड सौदा केला. गाणं जुनं असेल तर तिनं केस कानामागे घ्यायचे, नवं असेल तर हात खाली ठेवायचा. बदल्यात तिला हवे होते ते मोठे हेडफोन. गुंजन इतक्या पटकन हो म्हणाली की धीरजला क्षणभर तिच्या वळणाची काळजी वाटली. स्वतःच्या वळणाची वाटली नाही.

नानाजींच्या पोटात काही राहत नाही. परीक्षेच्या रविवारी सकाळी खोलीत नत्थूजी आणि वासुदेवराव धुतलेल्या टोप्या घालून हजर. शिवणक्लासला पहिलं नाव देणाऱ्या लीलाबाईही आल्या, आणि येताना मोजपट्टी घेऊन आल्या. गाणी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी खिडकीकडची भिंत मोजून घेतली. खुर्चीवर बसून धीरजनं डोळे मिटले, म्हणजे गुंजनपुरते किलकिले ठेवले.

पहिलं गाणं लागलं. गुंजननं केस कानामागे घेतले. धीरज म्हणाला, जुनं. दुसरं, पुन्हा केस. जुनं. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी जुनी. पाचवं संपलं तेव्हा त्यानं पाय पसरले. पाच जुनी झाली, आता उरली ती पाच नवी. डोकं लावायचं कामच नव्हतं.

सहावं गाणं लागलं आणि गुंजननं केस कानामागे घेतले.

पंख्याच्या वाऱ्यानं उडाले असतील, धीरजनं मनाची समजूत घातली आणि "नवं" म्हणाला. सातव्याला पुन्हा केस. पोरगी आईनं फोडली, दुसरं काय. पण हिशेब तर हिशेब होता, सहावं जुनं असूच शकत नव्हतं. त्यानं लेकीकडे बघायचंच सोडलं आणि ठणकावून "नवं" म्हणाला.

आठवं लागलं आणि काहीतरी झालं. सूर वर चढू लागला तसे धीरजचे डोळे खरोखरच मिटले. अकोल्याच्या होस्टेलची गच्ची, असाच मे महिना, अंगावर ओली चादर, एकाच इअरफोनचं एक टोक अंकितच्या कानात आणि एक याच्या. पेपर संपले होते आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. हे गाणं त्यानं हजारदा ऐकलं होतं. त्याच्या कानाला कळलं होतं, काळजाला कळलं होतं. पण जुन्यांचा कोटा भरला होता.

"नवं," तो म्हणाला. आणि एवढ्यावर थांबावं की नाही, तर पुढे म्हणाला, "जीवच नाई याच्यात. आजकाल मशीन करते सगळं."

नत्थूजींनी मान हलवली, सवयीनं.

नववं, दहावं, नवंच. नानाजींनी पाकीट फोडलं, चष्मा लावला, कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग त्यांनी वाचलं. एक, जुनं. दोन, जुनं. ते दहापर्यंत जुनं जुनं म्हणत गेले. दहाच्या दहा, धीरजच्याच कपाटातली.

"मंजे पाच," वासुदेवराव म्हणाले. "पन्नास टक्के उगवण."

पन्नास टक्क्यांच्या बियाण्याचं काय करायचं असतं ते आपल्याला पाठ आहे, असं नत्थूजींनी अगदी नम्रपणे सांगितलं. धीरज खुर्चीतून उठला. पाच-पाचची बोली होती, ही फसवणूक आहे, ही तपासणी रद्द, असं तो म्हणू लागला. सपनालाही दहा जुनी निघाल्याचं नवल वाटलं होतं, पण तिनं सावरून घेतलं.

"एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही कानानं ओळखून राह्यले होते, का मोजून?"

लीलाबाईंनी मोजपट्टीचं एक टोक धीरजच्याच हातात दिलं आणि दुसरी भिंत मोजायला लावली.

सोमवारी मशिनी वर गेल्या आणि स्पीकर खाली गोदामात आले. धीरज खताच्या पोत्यावर बसला होता. गुंजन येऊन समोर उभी राहिली आणि हेडफोनचं विचारू लागली.

"काऊन फसवलं तू मले?" तो म्हणाला.

"म्या कुठी फसवलं? दहाही डाव केस मागं घेतले. तुम्हीच नाई पाह्यलं."

हे खरं होतं. लेकीवर भरवसा ठेवला असता तर दहापैकी दहा आली असती. हे लक्षात आल्यावर धीरजला आणखीच वाईट वाटलं.

"पण पाच नवे काऊन नाई टाकले?"

"भेटलेच नाई ना, पप्पा," गुंजन म्हणाली. "आठ दिवस ऐकून राह्यली होती. शंभरेक ऐकले असतीन. सगळे एकसारखे. तुमच्यापुढं लावावं असं एकही नाई निघालं. मंग म्हटलं, इशारा त मी देणारच हाय, जुनेच टाकू सगळे. काय फरक पडते?"

धीरज पोत्यावरून उठला. वीस वर्षं तो हेच सांगत होता आणि लोक म्हणत होते, वय झालं तुझं. आता सोळा वर्षांची पोरगी, जिला ना अकोला माहीत ना ती गच्ची, तीही तेच सांगत होती. त्याला इतका आनंद झाला की खोली गेल्याचं दुःखही निम्मं उतरलं.

"चाल वर," तो म्हणाला. "हे असंच्या असं तुह्या आईले सांग. नत्थूजींलेही बोलावतो."

तो जिन्याच्या तीन पायऱ्या चढलाही.

"सांगते ना," गुंजन मागून म्हणाली. "पण आई विचारंन, इशारा कायचा."

वर दोन मशिनी खडखडत होत्या आणि पंधरा बाया एकदम बोलत होत्या. धीरज तीनही पायऱ्या उतरून खाली आला, गोदामाचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"हेडफोन काळे आणू का निळे?"