झाकली मूठ चाळीस किलोची

बसचालकाच्या उजव्या मुठीत पुरेसा जोर आहे की नाही, हे ठरवण्याचं काम मोजमाप कार्यालयातल्या एका ग्रिपरकडे होतं. दोन दांडे, त्यांना जोडणारी स्प्रिंग आणि एका दांड्यावर ‘४० किलो’ असा ठसा. हाताला इजा झालेल्या चालकानं टेबलापाशी उभं राहून तो एकदा दाबायचा. दांड्याला दांडा टेकला तर चालक कामावर रुजू, नाही टेकला तर घरी. हल्ली बसचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, पण बोटाबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं. चार वर्षांत अकरा चालक घरी बसले. ग्रिपरनं मात्र एक दिवसही रजा घेतली नाही.

ही चाचणी मापक घेत असे. बावीस वर्षं तो याच टेबलामागे होता. कार्यालयाची पितळी वजनं कुलपातून काढायची तर हातमोजे घालून, कारण घामानंही वजनात फरक पडतो, अशी त्याची श्रद्धा होती. स्वतःच्या वजनाबद्दल तो इतका काटेकोर नव्हता. ते साडेचौऱ्याण्णव किलो भरत असे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी त्याची साखर तोडली होती, आणि तेव्हापासून बायको त्याला जो बिनसाखरेचा चहा देत असे, तो पिताना त्याचं तोंड शोकसभेला आल्यासारखं होई.

बारावा चालक आला तेव्हा त्याच्या मनगटाचं प्लास्टर निघून दोन महिने झाले होते. त्यानं ग्रिपर घेतला, ओठ आवळले, मान लाल केली. दांड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं ते राहिलंच.

“अपात्र,” मापक म्हणाला आणि त्यानं शिक्क्याची डबी उघडली.

“थांबा साहेब,” चालकानं खिशातून दुसरा ग्रिपर काढला. “हाही चाळीसचाच आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानातून घेतलाय. हा बघा.” टक. टक. टक. दांड्यावर दांडा आपटत राहिला. “रोज शंभर वेळा दाबतो. बायको म्हणते, भिंतीवर पाल चुकचुकतेय की तुम्ही आहात तेच कळत नाही.”

“दुकानातल्या चाळीसात आणि कार्यालयाच्या चाळीसात फरक असतो.”

“किती?”

सगळा घोळ या एका प्रश्नानं केला. बावीस वर्षांत लोकांनी मापकाला ‘कधी होईल’ असं हजारदा विचारलं होतं. ‘किती’ असं कुणीच विचारलं नव्हतं. मोजमाप कार्यालयात हा प्रश्न विचारायचा असतो, हे तोही विसरून गेला होता. त्याला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं.

त्यानं हातमोजे चढवले. चालकाच्या ग्रिपरचा एक दांडा टेबलाच्या कडेला पकडीत घट्ट आवळला. दुसऱ्या दांड्याच्या अगदी टोकाला पट्टा अडकवला, कारण पट्टा बोटभर आत सरकला तरी जास्त वजन लागतं. मग पट्ट्याला एकेक वजन टांगत गेला. एक्केचाळीस किलोला दांडे टेकले.

“एक किलो इकडेतिकडे. दुकानदार प्रामाणिक दिसतोय,” मापक म्हणाला. मग त्यानं कार्यालयाचा ग्रिपर तसाच लावला. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले. त्रेसष्ट किलोला दांडे टेकले.

चालकानं टांगलेली वजनं बोटानं एकेक करून पुन्हा मोजली.

“म्हणजे अकरा जणं...” चालक म्हणाला.

“हळू बोला,” मापक म्हणाला.

मापकानं अहवाल लिहिला आणि तो घेऊन मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“पट्टा कुठं अडकवला होता?”

“टोकाला, साहेब.”

“आणखी पुढं घ्या. टोकाकडे जावं तसं वजन कमी लागतं, एवढं विज्ञान मलाही कळतं.”

“पुढं दांडा संपतो, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला. “हे बघा मापक. हा ग्रिपर अचूक आहे, असं प्रमाणपत्र या कार्यालयानं दिलंय. त्यावर माझी सही आहे. ग्रिपर चुकला म्हणजे सही चुकली. आता सही कशी चुकेल? मी माझं नाव चुकीचं लिहीन का?”

“नाही साहेब. पण वजनं तर...”

“वजनं किती वर्षं कुलपात आहेत?”

“बावीस तरी.”

“बावीस वर्षं एका जागी बसून कुणाचं वजन वाढत नाही? तुमचंच बघा.”

मापकानं स्वतःकडे बघितलं. मुद्दा बिनतोड होता.

त्याच आठवड्यात समिती बसली. अध्यक्ष मोठे साहेब. विषयाचे तज्ज्ञ म्हणूनही मोठे साहेब. तिसरे सभासद भांडारपाल. ग्रिपर त्यांनीच खरेदी केला असल्यामुळे ते निःपक्षपाती होते. समितीनं एकमतानं असं ठरवलं की ग्रिपर चाळीसचाच असून वजनंच फुगली आहेत. सबब, आजवर जे त्रेसष्ट किलो समजलं जात होतं, ते यापुढं चाळीस किलो समजावं. निर्णय तीस दिवसांपुरता. मापकाची सही झाली की कायम. वजनांना हात लावणारा तो एकटाच असल्यामुळे त्याला भिन्नमत नोंदवायचा अधिकार होता, आणि त्यानं ते नोंदवलं तर सगळं पूर्ववत व्हायचं होतं.

पहिला तडाखा चालकालाच बसला. नव्या वजनांनी मोजल्यावर त्याचा ग्रिपर सव्वीस किलोचा निघाला. सव्वीसचा ग्रिपर चाळीसचा म्हणून दाखवून कार्यालयाची दिशाभूल केल्याबद्दल त्याला नोटीस गेली.

मग नव्या किलोची हवा गावभर पसरली. व्यापाऱ्यांनी निर्णयाचं स्वागत केलं. ते माल घेताना नव्या किलोनं घेऊ लागले आणि विकताना जुन्या. जन्मलेलं प्रत्येक बाळ जेमतेम दोन किलोचं भरू लागलं, म्हणून इस्पितळानं सगळ्यांना काचेच्या पेटीत ठेवलं आणि आयांना दोष दिला. शाळेत दप्तरांचं ओझं एका रात्रीत कमी झालं. शिक्षण खात्यानं मुख्याध्यापकांचा सत्कार केला, मुलं मात्र पूर्वीसारखीच वाकून त्या सत्काराला आली. खुद्द मोजमाप कार्यालयाच्या लिफ्टमध्ये नऊ माणसांच्या जागी चौदा माणसं नियमात बसू लागली. लिफ्ट तेवढी जुन्या किलोतच विचार करत राहिली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधोमध विचार करत थांबली.

एवढं होऊनही तक्रार एकही आली नाही. कारण निर्णयाच्या शेवटी एक ओळ होती : ‘नागरिकांनी घरचे वजनकाटे कार्यालयात आणून त्यांवर नवे आकडे चिकटवून घ्यावेत.’ आजवर लोकांनी कार्यालयाचा कुठलाही आदेश पाळलेला नव्हता. या आदेशासाठी पहाटेपासून रांग लागली. बायाबापड्या, तालमीतले गडी, निवृत्त न्यायाधीश, सगळे काटे काखोटीला मारून उभे. आकडा चिकटला की तिथंच काट्यावर चढायचे, खाली बघायचे आणि उतरताना कार्यालयाला आशीर्वाद द्यायचे. नवऱ्यांनी बायकांना कपाटातले जुने कपडे काढायला लावले. कपडे अंगात शिरेनात, तेव्हा शिंप्याला शिव्या बसल्या.

एकोणतिसाव्या दिवशी चालक मापकाकडे आला. या वेळी तो टेबलापाशी उभा राहिला नाही, समोरच्या स्टुलावर बसला.

“साहेब, वजनं तुम्ही स्वतःच्या हातानं टांगलीत.”

“टांगली.”

“त्रेसष्ट होती का नव्हती?”

“होती.”

“मग एवढी एकच ओळ लिहा की. मी पण जाईन कामावर, ते अकराही जातील. एक जण हल्ली मेव्हण्याच्या घराची राखण करतो. चालक होता हो तो, पंचवीस वर्षांत एक ओरखडा नाही.” त्यानं खिशातला ग्रिपर काढला, दाबला, परत ठेवला. “हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब?”

“उद्या लिहितो,” मापक म्हणाला. आणि ते तो मनापासून म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं वहीतून कागद फाडला, ‘भिन्नमत’ असं वर लिहिलं आणि त्याखाली रेघही मारली. तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती.

“अहो, आज मीच काटा घेऊन रांगेत उभी होते. आणि येताना डॉक्टरांकडे डोकावले. ते म्हणाले, साठाच्या खाली आणलंत तर साखर सुरू करा. चढा बघू.”

“अगं, तो काटा...”

“चढा म्हणते ना!”

मापक चढला. काट्यानं बरोबर साठ दाखवले.

“चप्पल काढा,” बायको म्हणाली.

त्यानं चप्पल काढली. एकोणसाठ पूर्णांक आठ.

बावीस वर्षं मोजमापात घालवलेला तो माणूस त्या आकड्याकडे बघत राहिला. हे साडेचौऱ्याण्णव आहेत, हे त्याला माहीत होतं. साडेचौऱ्याण्णव भागिले त्रेसष्ट गुणिले चाळीस, हे गणित तर त्यानं स्वतःच कार्यालयाच्या फलकावर लिहिलं होतं. बायकोनं चहा आणून ठेवला. त्यानं घोट घेतला. साखर दोन चमचे होती, चांगली ढवळलेली.

“कसा झालाय?” बायकोनं विचारलं.

“अचूक,” मापक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सही केली. सही करायला किती जोर लागतो, याचं मोजमाप कार्यालयाकडे उपलब्ध नाही.

आता हे वाचून ज्यांना मापकाचा राग आला असेल, त्यांच्यासाठी कार्यालयानं सोय केलेली आहे. दाराशी दोन काटे ठेवलेत. नव्या काट्यावर कुणीही चढावं. तक्रार नोंदवायची असेल तर मात्र जुन्या काट्यावर उभं राहायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि कारकून तो तुमच्या नावासमोर लिहून फलकावर लावतो. तक्रारी बारा झाल्या की फेरविचार होईल, असं लेखी आश्वासन आहे. चालक तिथंच बाकावर बसलेला असतो. त्याची तक्रार पहिली. बाकीचे अकरा तो शोधतोय; घरी बसलेले ते अकरा चालकसुद्धा काटे घेऊन शेजारच्या, आकडे चिकटवायच्या रांगेत आहेत. टक, टक, टक.

“या की,” तो तुम्हाला म्हणतो, “ही रांग मोकळीच आहे.”

तुम्ही घड्याळात बघता. त्याला मनापासून शुभेच्छा देता. आणि शेजारच्या रांगेत काटा दुसऱ्या काखेत घेऊन एक पाऊल पुढं सरकता.