पाचपैकी दोन

गुरुवारी सकाळी दात घासता घासता ॲपवाल्याने फोन उघडला आणि तोंडातला फेस तोंडातच राहिला. काल झोपताना त्याच्या ॲपला पाचपैकी पाच तारे होते, ते आता चार झाले होते. एका रात्रीत एक अख्खा तारा कुणीतरी खाल्ला होता.

ॲपवाला हे नाव गल्लीने ठेवलेलं. दीड वर्षापूर्वी त्याने बरी चाललेली नोकरी सोडली, मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि एकट्यानेच फोनवरची साधीसुधी ॲप बनवून स्टोअरवर चढवायला सुरुवात केली. पाणी प्यायची आठवण करणारं एक, पंख्याची घरघर ऐकवून झोप आणणारं एक, नाणेफेक करणारं एक, अशी अकरा झाली. पंख्याचं कुणी घेतलं नाही, कारण लोकांच्या घरी पंखे होते. नाणेफेकीचं त्याने स्वतःच एकदा वापरलं, बारावं ॲप करावं की नाही ते ठरवायला. नाणं नको म्हणालं. त्याने केलं.

हे बारावं ॲप म्हणजे 'वेळेवर'. वयस्कर माणसांना गोळ्यांच्या वेळी वाजून आठवण करणारं. आणि दीड वर्षात पहिल्यांदाच गळाला काहीतरी लागलं होतं. औषधांच्या दुकानांची मोठी साखळी असलेल्या एका कंपनीला आपल्या गिऱ्हाइकांसाठी असंच ॲप हवं होतं. तिथल्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "येत्या बुधवारी स्टोअरवर बघून ठरवू. चारच्या वर तारे हवेत, एवढीच आमची अट."

बायकोचीही एक अट होती. ती दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून घर चालवत होती आणि दीड वर्षात एका शब्दाने बोलली नव्हती. परवा मात्र बोलली. "बुधवारी जमलं तर जमलं. नाहीतर एक तारखेपासून दादाच्या दुकानात बसायचं." दादा म्हणजे तिचा भाऊ. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि त्याच्या गल्ल्याशेजारची खुर्ची दीड वर्ष जावयबापूंची वाट बघत होती.

चूळ भरून त्याने पाहिलं. अभिप्राय तीनच होते. पहिला त्याने बायकोच्या फोनवरून लिहिलेला, दुसरा आपल्याच जुन्या फोनवरून. दोन्हींना पाच तारे, हे सांगायला नकोच. तिसरा आज पहाटे साडेपाचला आला होता.

'कल्पना बरी. मांडणी अस्वच्छ. जेवणानंतरच्या गोळीची आठवण जेवणाआधी वाजते. "नंतर बघू" हे बटण सर्वांत मोठे असल्याने आजारी माणूस तेच दाबतो. गोळी न घेता "घेतली" असे सांगितल्यास ॲप विश्वास ठेवते. मी तीन वेळा खोटे सांगून पाहिले. एकदा वाजून गप्प बसते, पुन्हा विचारत नाही. प्रयत्न केल्यास सुधारणा होईल. पाचपैकी दोन.'

सबंध पृथ्वीच्या पाठीवर पहाटे साडेपाचला उठून असं मराठी लिहिणारा एकच माणूस होता आणि तो ह्या क्षणी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

वडिलांना गल्लीत सगळे सर म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेचे पेपर तपासले. आता रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यासाठी मुलाचं 'वेळेवर' ते रोज वापरत. गल्लीतले निम्मे बाप्ये अजूनही त्यांना बघून विडी विझवत.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"सही करायला जागा नव्हती. नाहीतर केली असती."

"दोन तारे दिलेत? स्वतःच्या मुलाला?"

"मुलाला कुठे दिले? ॲपला दिले. दोन म्हणजे चाळीस टक्के. पस्तीसला पास असतं. पास केलंय मी."

"अहो, ही शाळा नाहीये. इथे बरं वाटलं की लोक पाच देतात."

"म्हणून तर सगळं असं चाललंय." सरांनी पेपरची घडी घातली. "पैकीच्या पैकी मी आजवर कुणाला दिलेले नाहीत. तुझ्या आईच्या स्वयंपाकालाही नाही. बिचारी गेली तेव्हा दहापैकी सात होते."

ॲपवाल्याला आठवीतली सहामाही आठवली. शेवटचं गणित वर्गात त्याला एकट्याला सुटलं होतं आणि सरांनी एक गुण कापला होता, उत्तरापुढे लीटर लिहिलं नाही म्हणून. तो एक गुण त्याला आज चाळिसाव्या वर्षीही दुखत होता. वडिलांनी एकदा तरी नुसतं 'छान' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ही सगळी ॲप त्याने त्या पायी केली होती असं म्हटलं तरी चालेल.

"बाबा, मॅडमना चारच्या वर हवेत. आता बरोब्बर चार झालेत."

"मग अट मोडली. चार म्हणजे चारच्या वर नव्हे."

"तेच सांगतोय. तुम्ही नुसतं बदला. पाच नको, तीन द्या."

"निकाल लागल्यावर गुण वाढवून मागायला पालक यायचे. त्यांना मी दारातून परत पाठवायचो. तू तर घरातच राहतोस, तुला कुठे पाठवू?" सर चष्मा पुसायला लागले. "चार चुका दाखवल्यात. त्या दुरुस्त कर, पुन्हा दाखव. पुन्हा तपासतो."

ह्यात अवघड काही नव्हतं. चार चुका, फार तर तीन दिवसांचं काम. बायकोही जाता जाता तेच म्हणाली. पण ॲपवाल्याच्या डोक्यात त्या चुका नव्हत्याच, तारे होते. चुका दुरुस्त केल्या तर ॲप सुधारेल आणि तारे तसेच राहतील, हा हिशेब त्याने मांडला. हिशेब बरोबर होता. त्याच्यासारखी माणसं बुडतात ती नेहमी बरोबर हिशेबानेच.

रविवारी बायकोच्या मामांचा वाढदिवस होता आणि तो ह्यांच्याच घरी ठरला होता. एरवी मामांकडची मंडळी यायची म्हटलं की ॲपवाल्याला कणकण वाटायची. ह्या वेळी त्याने स्वतः फोन करून करून बोलावलं. सासूबाईंचा जावयाबद्दलचा ग्रह दोन दिवसांत बदलला.

तेवीस माणसं आली. पाण्याचे ग्लास फिरायच्या आधी जावयबापू फोन गोळा करत फिरू लागले.

"मामा, जरा फोन बघू. एक चांगलं ॲप टाकून देतो."

"फुकट आहे ना?"

"फुकट."

"मग दोन टाक."

सगळे फोन मागच्या खोलीतल्या टेबलावर ओळीने मांडले गेले, घरच्याच वायफायला जोडले गेले आणि ॲपवाल्याने एकेक उचलून ॲप उतरवलं, पाच तारे दिले आणि अभिप्राय लिहिला. पहिले चार त्याने मन लावून वेगवेगळे लिहिले. पाचव्याला दमला. मग 'अतिशय उपयुक्त ॲप. घरातल्या सर्वांनी वापरावे' हे एकच वाक्य एकोणीस फोनांवर चिकटवलं. पाऊण तासात तेवीस माणसं त्याच्या ॲपवर बेहद्द खूश झाली. त्यांना स्वतःला अजून ते माहीत नव्हतं.

सर दारात येऊन उभे राहिले. टेबलावरची ती ओळ त्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"एकच उत्तर सगळ्यांनी लिहिलंय," ते म्हणाले.

"बाबा, सगळी दुनिया असंच करते."

"आम्ही अशी अख्खी वर्गखोली रद्द करायचो."

"स्टोअर म्हणजे तुमचं बोर्ड नाही. तिथे माणूस नसतोच तपासायला."

"मग तर लवकर पकडतील," सर म्हणाले आणि वाढायला घेतलंय का ते बघायला गेले.

जेवणं होईस्तोवर तारे चार पूर्णांक नऊवर गेले होते. ॲपवाल्याने मामांना स्वतःच्या हाताने वाढलं. मात्र आठ वाजता घरात एकाच वेळी तेवीस फोन वाजले आणि गोळी घ्या, गोळी घ्या म्हणून ओरडायला लागले.

"हे काय आहे?" मामी म्हणाल्या. "मला कसला आजार झालाय?"

"आजार नाही मामी, नमुन्यादाखल आहे."

"आजाराचा नमुना माझ्या फोनात कशाला? काढ आधी ते." त्यांनी काढलं. त्यांचं बघून जावेनं काढलं, जावेचं बघून सगळ्यांनी. निघताना एकाच्याही फोनात ॲप नव्हतं. अभिप्राय आहेत ना, मग झालं, असं म्हणून ॲपवाला शांत झोपला.

सोमवारी दहा वाजता स्टोअरचं पत्र आलं. एकाच घरातून, एका तासात, एकाच शब्दांत आलेले आणि लगेच ॲप काढून टाकलेल्या लोकांनी लिहिलेले अभिप्राय बनावट ठरवून रद्द केले आहेत. आधीचे दोन अभिप्राय ॲप बनवणाऱ्याच्याच टेबलावरून आल्याचं दिसतं, तेही रद्द. पुन्हा असं झाल्यास बाराही ॲप काढून टाकण्यात येतील. खाली कुणाचीही सही नव्हती.

ॲपवाल्याने ॲपचं पान उघडलं. आता तिथे एकच अभिप्राय उरला होता. रोज वापरणाऱ्या, खऱ्या माणसाचा. पाचपैकी दोन.

तो सरांपुढे जाऊन बसला. म्हणाला, "बाबा, मी हात जोडतो."

सरांनी चष्मा लावला, फोन घेतला आणि सबंध दुपार ॲप पहिल्यापासून तपासलं. संध्याकाळी म्हणाले, "चारही चुका तशाच आहेत रे. मी काय बघून वाढवू?" त्यांचा आवाज खरंच पडला होता. वाढवता आले असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं, हे मुलाला दिसलं, आणि त्याचा त्याला जास्तच राग आला.

बुधवारी ठरल्या वेळी मॅडमचा फोन आला. बायको रजा काढून घरी थांबली होती. ती समोर उभी राहिली.

"ॲप बघितलं आम्ही. आत्ता आहे तसं आमच्या कामाचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"हो. कळलं."

"पण एक विचारायचं होतं. तो दोन तारेवाला अभिप्राय कुणाचा आहे? आमच्याकडे अशी ॲप ढिगाने येतात आणि सगळ्यांखाली छान छान लिहिलेलं असतं. खोटं सांगून बघणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

ॲपवाल्याच्या मनात आलं, नाही म्हणावं. बायको बघत होती. तो म्हणाला, "वडील आहेत माझे."

"तुमच्या वडिलांनी तुम्हाला दोन दिले?"

"पास केलंय म्हणतात."

"त्यांचा नंबर द्याल?"

एक तारखेला सकाळी नऊ वाजता घरातून बायकोबरोबर आणखी दोन माणसं डबे घेऊन कामाला निघाली. सर इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत गेले. येणारं प्रत्येक ॲप आधी सरांसारख्या परीक्षकाने तपासावं, अशी तिथे नवी पद्धत सुरू झाली होती. ॲपवाला फरशांच्या दुकानात गेला. मेहुण्याने खुर्ची पुसून दिली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे आमचे जावयबापू. कॉम्प्युटरमधले आहेत. ह्यांना न्हाणीघराच्या फरशा विचारा."

न्हाणीघराच्या फरशांना गिऱ्हाईक कमी होतं. मधल्या वेळात ॲपवाल्याने गल्ल्यावर बसून चारही चुका दुरुस्त केल्या. जेवणानंतरची गोळी जेवणानंतर वाजू लागली. 'नंतर बघू' बारीक झालं. ॲप पुन्हा पुन्हा विचारू लागलं आणि गोळीची रिकामी पट्टी फोनला दाखवल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवेना. तीन दिवसांचं काम अकरा दिवसांत झालं. चांगलं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःला ते कुणी न सांगता कळत होतं. त्याने ते कंपनीकडे पाठवलं आणि मेहुण्याला न विचारता मनातल्या मनात खुर्ची सोडली.

त्या संध्याकाळी सर घरी आले, बूट काढले, हातपाय धुतले. ॲपवाला पाणी घेऊन समोर उभा राहिला.

"बाबा, आलं का तुमच्याकडे?"

"आलं. सकाळीच आलं."

"मग?"

"मी नाही तपासलं. नातेवाइकाचा पेपर परीक्षकाला तपासता येत नाही. मॅडमना तसं लिहून दिलं."

"अहो, घरी तपासलंत तेव्हा नातं नव्हतं का?"

"घरी मी आजारी माणूस होतो. तिथे परीक्षक आहे." सर पाणी प्यायले.

"पण तुम्ही रोज वापरता ना. निदान मला सांगा, आता कसं झालंय?"

सर बोलायला गेले आणि थांबले. ओठापर्यंत काहीतरी आलं होतं, हे ॲपवाल्याने स्पष्ट पाहिलं.

"निकाल लागेपर्यंत काही बोलू नये," ते म्हणाले. "पेपर शेजारच्या टेबलावर दिलाय. नवीन मुलगी आहे, पण हुशार आहे. दहा दिवस मीच शिकवतोय तिला." ग्लास परत देताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी समाधान दिसलं. "छान तपासते. माझ्याहून कडक आहे."